तलावावरची हिरवी साय

"लिहा म्याडम. विष घातलं. एवढंच लिहा," गहाणे पाटील म्हणाले.

सावरबोडीच्या मोठ्या तलावाच्या घाटावर त्यांच्या दोन म्हशी मरून पडल्या होत्या. एक पाण्यातून वर येता येताच कोसळली होती, तिचे मागचे पाय अजून पाण्यात होते. दुसरी थोडी वर, चिंचेखाली. तिसरीला गड्यांनी कसंबसं ढकलत, आधार देत गोठ्याकडे नेलं होतं. काठावर अर्धं गाव जमलं होतं आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी इचलकरंजीकडची. पशुवैद्यकीची पदवी घेऊन थेट भंडारा जिल्ह्यातल्या या गावात नेमणूक झाली होती. तोवर माझा एकच पावसाळा या भागात गेला होता. गावात मला कोणी विभा कुंभोजे म्हणत नसे. ढोरायची डाक्टरीण, एवढीच माझी ओळख. आजवर मी लसी टोचल्या होत्या, अडलेल्या गायी सोडवल्या होत्या. असं काही पाहिलं नव्हतं.

"आधी पोट फाडून बघावं लागेल, पाटील," मी म्हणाले. "न बघता काय लिहू?"

"पाहायचं काय त्याच्यात? गावाले माहीत हाये कोनं केलं ते."

गावाला खरंच माहीत होतं, निदान गावाची तशी खात्री होती. नाव होतं शेवंता मारबते. ढिवर समाजाची बाई, चाळिशीची, काटक. मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष. तलावातली मासोळी सोसायटीची आणि तलावाच्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशी गहाण्यांच्या, त्यामुळे दोघांचं जुनं वाकडं होतं. म्हशींनी जाळी तुडवली म्हणून दसऱ्याच्या सुमारास शेवंता पाटलांच्या दारात जाऊन ओरडली होती, "पुन्हा तुमची ढोरं पान्यात उतरली तं मंग पाहा!" हे साऱ्या आळीनं ऐकलं होतं. आणि त्यानंतर ती डोंग्यातून पाण्यात पोतं रिकामं करताना दोघातिघांना दिसली होती.

मी म्हशी उघडल्या. कीटकनाशकाचा वास नाकात बसला की विसरता येत नाही. तो वास कुठेच नव्हता. पोटात विषारी पाल्याचा मागमूस नव्हता. पण यकृत बघून मी थबकले. सुजून दुप्पट झालेलं, काळंनिळं, रक्तानं थबथबलेलं. बोट लावलं तर लोण्यासारखं आत जात होतं. आणि दोन्ही म्हशींच्या तोंडाभोवती, मिशांच्या केसांत, काहीतरी हिरवं चिकटून वाळलं होतं.

मी उठून पाण्याकडे गेले.

या घाटावर तलाव ओळखू येत नव्हता. कोणी हिरव्या ऑइलपेंटचे डबे ओतावेत तसं पाणी. दुधावर साय धरते तशी त्यावर जाड साय धरली होती आणि काठाला लागून तिच्या सुरकुत्या पडल्या होत्या. कुजल्या गवताचा वास येत होता. आश्विनातलं ऊन मी म्हणत होतं. पलीकडच्या काठावर मात्र पाणी बऱ्यापैकी नितळ दिसत होतं आणि तिथे गावच्या गायी निवांत पाणी पीत होत्या. त्यांना काही झालं नव्हतं.

"दिसलं ना?" पाटील मागून म्हणाले. "विष याच काठाले टाकलं. म्हनून त्या तिकडच्या जित्या हायेत."

वारा माझ्या तोंडावर येत होता. पलीकडच्या काठाकडून, सरळ या घाटाकडे.

"मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या," मी म्हणाले.

"पोलीस ठान्यात मानूस धाडून रायलो मी."

"धाडा. पण माझा कागद मी संध्याकाळीच देईन."

दवाखान्यात रक्त तपासायचा एक जुना सूक्ष्मदर्शक होता. बाटलीत आणलेल्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला आणि डोळा लावला. हिरव्या मण्यांच्या माळा. एकीत एक गुंतलेल्या, शेकडो. कॉलेजात एका तासाला सरांनी फळ्यावर हीच माळ काढली होती आणि म्हणाले होते, निळं-हिरवं शेवाळ, आपल्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही, पण पाणी साचलं, तापलं आणि त्याला भरपूर खाऊ मिळाला की हे माजतं, आणि माजलं की त्याच्या काही जाती विष तयार करतात. तेव्हा मी वहीच्या कोपऱ्यात फुलं काढत बसले होते, पण ती माळ डोक्यात राहिली होती.

नमुना सीलबंद करून मी नागपूरच्या प्रयोगशाळेकडे पाठवला. उत्तर यायला वेळ लागणार होता. आणि वेळच नव्हता. परवा पाडवा. त्या भागात पाडव्याला गुरं राखणारे गोवारी लोक गावची सगळी गुरं सजवतात, नाचवत नेतात. त्याआधी सकाळी ती धुवायला तलावावर आणतात. साऱ्या गावची गुरं, याच घाटावर, कारण उतार इथेच होता. गुरांबरोबर पोरंही पाण्यात उतरणार होती.

मी आधी ढिवरांच्या मोहल्ल्यात गेले. शेवंताबाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसली होती. मला पाहून उठली नाही.

"तुमाले बी वाटते का, मी विष टाकलं?"

"पोत्यात काय होतं, शेवंताबाई?"

"मासोळीचा चारा."

"कसला चारा?"

"चारा म्हंजे चारा." तिनं दातानं दोरा तोडला. "मासोळ्या बी मरून रायल्या बाई, ते नाई पाह्यलं कोनी. आठ दिस झाले, सकाळी वर येऊन तोंड उघडतात. आपल्याच पोटावर कोनी विष टाकते का?"

घरामागे तलावाच्या काठाला तिनं एक झिरा खणला होता. त्यातलं पाणी मोहल्ला प्यायला वापरी. आत वाकून पाहिलं, तर पाण्यावर हिरवट झाक.

"हे पाणी आजपासून बंद," मी म्हणाले.

"उकळून पेतो आमी."

"उकळून जात नाही शेवाळाचं विष. उलट जास्त सुटतं पाण्यात. पोरांच्या अंगाला खाज येते का?"

ती आता उभी राहिली. दारातल्या तिच्या लहान मुलीच्या पायावर लाल पुरळ होतं. तिनं पोरीकडे पाहिलं, झिऱ्याकडे पाहिलं आणि त्यावर फळी टाकून वर दगड ठेवला.

"मला कोळसा हवा आहे," मी म्हणाले. "लाकडाचा, चुलीतला, विझवलेला. दवाखान्यात औषधी कोळसा होता तो संपलाय. पोटातलं विष शोषून घेतो तो, थोडंफार तरी."

"कोनासाठी?"

"गहाणे पाटलांची तिसरी म्हैस अजून जिवंत आहे."

शेवंताबाईनं पदर खोचला. चुलीमागची टोपली ओढली, वाळके कोळसे निवडून त्यात टाकले, आणि पाट्याशी बसून वाटायला लागली. जेवायला लोक बसलेत आणि चटणी कमी पडलीय, अशा घाईनं. शेजारच्या दोघी विचारायला आल्या, त्यांनाही तिनं कामाला लावलं. काळी भुकटी डब्यात भरून झाली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"चला," ती म्हणाली.

"तुम्ही येताय?"

"पाजायले मानसं लागतीन ना. म्हैस का मांजर हाये, एकटीनं धरायले?"

गोठ्यात म्हैस गुडघ्यावर बसली होती. मान खाली, अंगाला कापरं, श्वास उथळ. पाटलांनी दारात शेवंताला पाहिलं आणि ते आडवे आले.

"हे काहून आली इथं?"

"औषध घेऊन आल्या आहेत," मी म्हणाले.

"तिच्या हातचं माह्या ढोराले नाई पाजू देनार. आधी दोन मारल्या, आता तिसरी मारायले आली."

शेवंताबाई उंबऱ्याबाहेरच थांबली. डबा तिच्या हातात होता. मी पाटलांना समजावू लागले, यकृत, शेवाळ, वारा. ते ऐकत नव्हते. त्यांच्या दोन म्हशी घाटावर पडल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक माणूस उभं होतं ज्याच्यावर राग काढता येत होता. मी त्यांच्या जागी असते तर मलाही शेवाळावर राग काढता आला नसता.

तेवढ्यात आतून त्यांची बायको, देवकाबाई आली. तिनं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. ही म्हैस तिनं वगार असल्यापासून वाढवली होती, हे मला नंतर कळलं.

"अजी," ती नवऱ्याला म्हणाली, "जनावर जाऊन रायलं, अन् तुमी हात कोनाचा ते पाहून रायले?"

पाटील दारातून बाजूला सरले.

"डबा आन व शेवंता," देवकाबाई म्हणाली.

कोळसा पाण्यात कालवला. देवकाबाईनं म्हशीचं तोंड वर केलं, शेवंताबाईनं जबडा धरला, मी बांबूच्या नळ्यानं घोट घोट पाजत राहिले. म्हशीनं दोनदा मान झटकली तेव्हा काळं पाणी आम्हा तिघींच्या अंगावर उडालं. शिरेतून सलाइन लावलं. बाटली धरायला खुंटी नव्हती. थोड्या वेळानं पाहिलं तर बाटली पाटलांच्या हातात होती आणि ते ती छपराच्या वाशाला टेकवून उभे होते, हात दुखला की बदलत.

त्या संध्याकाळी मी कागदावर लिहिलं: मृत्यू यकृताच्या तीव्र विषबाधेने, घाटावरील पाण्यात वाढलेल्या विषारी शेवाळामुळे असण्याची दाट शक्यता, माणसाने विष घातल्याचा पुरावा आढळला नाही. खाली सही केली. प्रयोगशाळेनं वेगळं सांगितलं असतं तर माझी नोकरी सुरू होता होताच संपली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवकाबाईचा निरोप आला. म्हैस उठून उभी राहिली होती आणि तिनं मूठभर कडबा चघळला होता.

मी तशीच चावडीवर गेले. पाटलांनीच गाव गोळा केलं होतं. गोवाऱ्यांचा म्होरक्या सुखदेव नेवारे पुढे बसला होता, ढिवर मोहल्ला मागे, पिंपळाखाली उभा. मी काचेची एक बरणी सोबत नेली होती. आदल्या दिवशी घाटावरचं पाणी ढवळून तिच्यात भरलं होतं आणि ती दवाखान्याच्या कोपऱ्यात न हलवता ठेवली होती. आता तिच्यात खालचं पाणी जवळजवळ स्वच्छ होतं आणि वर बोटभर जाडीचा हिरवा थर.

"विष पाण्यात टाकलं तर विरघळतं," मी बरणी वर धरून म्हणाले. "हे विरघळलं नाही. हे आपलं आपण वर आलं. कारण हे जिवंत आहे. उन्हाकडे येतं. वारा ढकलेल तिकडे जातं. सध्या वारा आपल्या घाटाकडे आहे, म्हणून साय इकडे आणि मेल्या त्या म्हशीही इकडच्याच. उद्या वारा फिरला तर पलीकडे जाईल."

बरणी हातोहात फिरली. कोणी हलवून पाहिलं, कोणी वास घेतला.

"मंग मोरचूद टाकून मारून टाकू," मागून कोणीतरी म्हणालं.

"नका. हे एकदम मेलं की त्याच्या आतलं सगळं विष एकदम पाण्यात सुटेल. मासोळी तर राहणारच नाही."

सुखदेव नेवारे पुढे सरकला. "म्याडम, उद्या पाडवा हाये," तो म्हणाला. "ढोरं नाई धुतली तं पाडवा कसा?"

"धुवा. पण तलावात नको."

"अन् हे आलं कुठून?" पाटलांनी विचारलं. त्यांचा आवाज कालच्यासारखा नव्हता. "बापजाद्याच्या वक्तापासून तलाव हाये. कदी झालं नाई असं."

"याला खाऊ लागतो. पूर्वी एवढा मिळत नव्हता. धानाच्या बांध्यांतून युरिया वाहून येतो. गोठ्यांचं पाणी येतं. शेण, कोंबड्यांची विष्ठा, हे सगळं याचं खाणं."

मी पुढचं काही बोलणार होते, पण पिंपळाखाली हालचाल झाली. शेवंता मारबते पुढे आली. तिच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यानं तिचा पदर मागून ओढला, ते मी पाहिलं. तिनं तो सोडवून घेतला.

"पोत्यात कोंबडखत होतं," ती म्हणाली. "कोनीतरी सांगतलं, त्यानं पान्यात किडे होतात अन् मासोळी लवकर फुगते. पावसाळा सरल्यापासून टाकून रायलो आमी. एक नाई, लय पोती. मी विष नाई टाकलं. पन बाई म्हनतात तसं असंन, तं मंग मीच चारा घातला त्याले."

ती निर्दोष ठरली होती. गप्प बसली असती तर कोणाला कळलंही नसतं. आता पुन्हा सगळ्या नजरा तिच्यावर होत्या आणि मला वाटलं, आता सुरू होणार. मी पाटलांकडे पाहिलं. एका वाक्यात त्यांना तिला संपवता आलं असतं.

पाटलांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"ते पोते माह्या कोंबडखान्यातले," ते म्हणाले. "घान जाते म्हनून मीच म्हनलं होतं गड्याले, मागंन त्याले देऊन टाक. अन् कोंबडखान्याचा नाला बी तलावातच सोडला हाये मी. कोनाले इचारलं नाई. मानूस धाडला होता ठान्यात, त्याले वापस बोलावतो."

शेवंताबाईकडे त्यांनी पाहिलं नाही. तिनंही त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण मी दोघांच्या मधोमध उभी होते, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते मला अजून आठवतं.

पाडव्याच्या सकाळी सावरबोडीत जे घडलं ते तिथल्या कोणी आधी पाहिलं नव्हतं. गावातल्या सगळ्या विहिरींवर रहाट चालू. पाटलांनी शेतातल्या बोअरची मोटार सुरू करून पाइप थेट रस्त्यावर आणला. ढिवर गडी, जे एरवी मासोळी वाहतात, त्याच कावडींनी गोवाऱ्यांच्या गुरांसाठी पाणी वाहत होते. रस्ताभर चिखल. पोरं पाइपाखाली नाचत होती. सुखदेव नेवारे एका गायीची शिंगं घासता घासता मला म्हणाला, "म्याडम, तलावापेक्षा बेस झाली ना ढोरं!" दुपारी गुरं सजून निघाली तेव्हा, त्या दोन म्हशी सोडल्या तर, एकही कमी नव्हतं.

प्रयोगशाळेचं उत्तर दिवाळीनंतर आलं. माझा अंदाज खरा होता. मी तो कागद पाटलांना दाखवला तर त्यांनी न वाचता परत दिला. "आमाले माहीत हाये ते," म्हणाले.

तलाव एका दिवसात सुधारला नाही. थंडी पडली तशी साय विरली, पण त्या वर्षीची मासोळी गेली ती गेलीच. सोसायटीनं वर्षभर जाळं टाकायचं नाही असं ठरवलं, आणि ते वर्ष मोहल्ल्याला फार जड गेलं. बाया धानकापणीला दूरदूर गेल्या. शेवंताबाई माझ्याशी त्याबद्दल कधी बोलली नाही. पाटलांनी नाला वळवला, कोंबडखत खड्ड्यात कुजवायला घातलं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा ढिवर मोहल्ल्यातल्या बायांनी उघड्या पडलेल्या गाळात पाण्यातलं खत ओढून घेणाऱ्या पाणवनस्पती लावल्या. पूर्वी तलावात असायच्या आणि कोणाच्या लक्षात न येता नाहीशा झाल्या होत्या, अशा. कुठली कुठे जगते ते आधी कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मी पुस्तकं मागवली, त्यांनी आपल्या आयांना विचारलं. निम्मी रोपं मेली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा लावली. तेव्हा देवकाबाईही गुडघाभर गाळात उतरली होती.

त्याच वर्षी थंडीच्या तोंडावर शेवंताबाई भरदुपारी दवाखान्यात आली. मी एका वासराला टोचत होते.

"ते सोडा अन् चला," ती म्हणाली.

"कुठे?"

"चला ना."

घाटावर तिनं मला चपला काढायला लावल्या आणि हात धरून पाण्यात नेलं. पिंढऱ्यांपर्यंत. खाली माझी बोटं दिसत होती, आणि बोटांमध्ये आलेला गाळही. वनस्पतींच्या लांब पानांवर उन्हाचे कवडसे हलत होते. मी काय बघायचं ते मला कळेना.

"काय आहे?"

"उभी राहा उगीच."

मी उभी राहिले. मग पायाच्या बोटाला काहीतरी लागलं. अगदी हलकं. मग घोट्याला, मग टाचेला. मी वाकून पाहिलं. काडीएवढी मासोळीची पिल्लं, पाण्याच्याच रंगाची, माझ्या दोन्ही पायांभोवती गोळा झाली होती आणि हळूच टोचत होती. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी किंचाळून पाय उचलला.

"हलू नका ना बाई!" शेवंता मारबते माझा दंड घट्ट धरून हसत म्हणाली. "सोसायटीनं नाई सोडली हे पिल्लं. आपली आपनच आली."